सव्वा मूठ

"फुक व पोरी, फुक. अंगमा जीव शे तोपावत फुक." अंगात जीव आहे तोवर फुंक, हा गुंताबाईचा आवाज हेमलताच्या कानात उठला तेव्हा ती कुठल्याही चुलीपुढे बसलेली नव्हती. जळगावच्या पासपोर्ट ऑफिसात, गार हवेत, काचेच्या एका लहानशा चौकोनावर उजव्या हाताची चार बोटं टेकून ती उभी होती आणि काचेखालचा हिरवा उजेड लागत होता, विझत होता. "मावशी, जरा जोरात दाबा," यंत्रापलीकडची बाई म्हणाली. गळ्यातल्या पट्टीवर तिचं नाव होतं, ऋतिका. हेमलतानं दाबलं. मनगटापर्यंत शिरा उभ्या राहिल्या. उजेड लागला, विझला. ऋतिकानं ओल्या रुमालानं तिची बोटं पुसली, मग कोरडी केली, मग कुठलंसं मलम चोळलं, एखाद्या नवरीची बोटं हळदीला धरावीत तशी एकेक करून काचेवर ठेवली, वरून आपल्या हातानं दाबली. पडद्यावर चार पांढरे डाग उमटले, नुसते डाग. "तुमच्या बोटांना रेषाच नाहीत हो," ती म्हणाली. त्यात तक्रार नव्हती. पाण्याला चव नाही म्हणावं तसं ती म्हणाली. हेमलतानं हात उलटा करून उजेडात धरला. खरंच. पांझरेच्या पात्रातल्या गोट्यासारखी गुळगुळीत टोकं. इतकी वर्षं या बोटांनी कणीक मळली, लेकीची वेणी घातली, नवऱ्याच्या सदऱ्याची बटणं लावली, आणि ती कुणाची आहेत हे त्यांच्यावर लिहिलेलं नाही हे तिला आज कळत होतं.

कुठं गेल्या असतील रेषा? तिला हसू आलं, आणि हसण्याच्या पाठोपाठ खोकला. त्या गेल्या खापरावर. विसाव्या वर्षी, लग्न होऊन शिरपूरकडच्या खेड्यात आली तेव्हा गुंताबाईनं तिला हाताखाली घेतलं. गुंताबाई नात्याची कुणी नव्हती, पंचक्रोशीतल्या लग्नांत खापरावरचे मांडे करणारी बाई होती. चुलीवर उपडं घातलेलं मातीचं खापर तापून तांबूस व्हायचं. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत पसरायचा, इतका पातळ की पलीकडचा मांडव दिसावा, आणि मग एका झोकात खापरावर. उलटायला ना उलथनं ना चिमटा. बोटं. पहिल्या वर्षी फोड आले, दुसऱ्या वर्षी फुटले, तिसऱ्या वर्षी येईनासे झाले. म्हणजे अर्ध्या खानदेशानं तिच्या रेषा पुरणाबरोबर खाल्ल्या होत्या, वर तूप घालून. आणि धूर. बाभळीची ओली लाकडं, कपाशीच्या पऱ्हाट्या, मांडवाच्या मागच्या कोपऱ्यात वाऱ्याकडे पाठ करून बसलेल्या चार बायका. धुरानं डोळे फुटायला लागले की गुंताबाई गायची, घसा खरवडून, वाढप्यांना ऐकू जाईल असं:

पह्यली पोयी देवनी, दुसरी पाव्हनानी
तिसरी मन्हा धनीनी, चौथी ती पोरेस्नी
उरनी ती कोर मनी, व माय, उरनी ती कोर मनी

उरलेली कोर तेवढी माझी, असं गायची, करायची मात्र वेगळंच. पहिली पोळी खापर नीट तापलेलं नसल्यामुळे हमखास फसते. बाकीच्या बायका ती गाईपुढे टाकत. गुंताबाई ती चुलीआड धरून, फुंकर मारमारून, स्वतः खायची. देवाच्याही आधी. "काय व, कोर तुनी ना?" हेमलतानं एकदा विचारलं होतं. गुंताबाईनं बोटं चाटली. "गानं गावाना साठे ऱ्हास, पोरी. पोट खावाना साठे." गाणं गायला असतं, पोट खायला असतं. धुरात बसून दोघी हसल्या होत्या, हसता हसता खोकल्या होत्या, आणि त्या खोकल्याला तेव्हा कुणी काही नाव दिलं नव्हतं.

"कुठं निघालात मावशी?" ऋतिका तिसऱ्यांदा बोटं पुसत म्हणाली. "जर्मनीला." "अरे वा. मुलाकडे?" "दवाखान्यात," हेमलता म्हणाली, आणि मग तोंडात बसून गुळगुळीत झालेलं पुढचं वाक्य आपोआप बाहेर पडलं, "पोरगी नेते, म्हणून जाते." पोरगी शेजारीच उभी होती. ज्योत्स्ना, धुळ्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकवणारी, खांद्यावरच्या बॅगेचा पट्टा दोन्ही हातांनी धरलेली. तिनं मान खाली घातली आणि फरशीकडे पाहिलं. नाही म्हणाली नाही. कधीच म्हणत नव्हती. गल्लीत, नातेवाइकांत, फोनवर, जिथं जिथं हेमलता हे वाक्य बोलली तिथं तिथं ज्योत्स्नानं अशीच मान खाली घातली होती, आणि ऐकणाऱ्यांनी तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं होतं की हीच ती हट्टी पोर, आजारी आईला सातासमुद्रापार ओढत नेणारी. अखेर काचेनं जे दिलं ते घेऊन ऋतिकानं बटण दाबलं. "चालेल. अशा बोटांसाठीही सोय असते," ती म्हणाली. हेमलताला ते वाक्य आवडलं. जिन्यावरून उतरताना ते तिनं मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. आणि त्याच्या मागोमाग दुसरं वाक्य आलं, जे ती कुणापुढे म्हणाली नव्हती. एकाच माणसापुढे म्हणाली होती.

नाशिकच्या डॉक्टरांच्या खोलीत. ज्योत्स्नाचे वडील, जीवराम, पाण्याची बाटली भरायला बाहेर गेले होते. फुफ्फुसाच्या कॅन्सरवरच्या ज्या गोळीनं दोन वर्षं तिला उभं ठेवलं होतं ती आता पुरी पडत नव्हती. रोगानं आपली खूण बदलली होती, डॉक्टर म्हणाले. नव्या खुणेसाठी नवं औषध निघतंय, पण ते अजून दुकानात नाही, जर्मनीत त्याची चाचणी चालू आहे. घेतील की नाही सांगता येत नाही, घेतलं तर लागू पडेल की नाही सांगता येत नाही, आणि तिथं काही महिने राहावं लागेल. ज्योत्स्ना पटकन म्हणाली, "नको डॉक्टर. आईला आणखी हाल नकोत. आम्ही तिला घरी नीट ठेवू." आणि फोन आल्याचं दाखवून बाहेर रडायला गेली. खोलीत पंखा आणि डॉक्टर आणि हेमलता राहिले. घरी नीट ठेवू. लोणचं नीट ठेवतात, मेलेल्याचे कपडे नीट ठेवतात. हेमलताच्या छातीत काहीतरी फणकारलं, ओल्या लाकडातून एकदम जाळ उठावा तसं. "डॉक्टर, त्यांना पाहिजे ती खूण माझ्यात आहे ना?" "आहे." "मग मला धाडा." त्यांनी फाइल पुढे ओढली. ती म्हणाली, "माझ्या पोरीला तुम्हीच सांगा. मला तिच्यापुढे बोलता येणार नाही." परतीच्या गाडीत ज्योत्स्ना आईशेजारी बसली. जीवराम पुढच्या सीटवर घोरत होते. मग ती हळूच म्हणाली, "आई, हे तूच सांगितलंस त्यांना." "हो." "मग बाबांना सांग तसं. मोठ्या काकांना, सुकाआबांना सांग." हेमलता खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "तू म्हणतेस असंच सांगू. तुझं चालून जाईल." ज्योत्स्नानं तिचा हात हातात घेतला होता, आणि त्या दिवसापासून आईचा हट्ट ती आपल्या नावावर वाहत होती.

रिक्षा निघाली तेव्हा श्रावणातलं ऊन रस्त्यावर चिकटलं होतं. केळीचे घड लादलेला एक ट्रक पुढे रेंगाळत होता आणि त्याच्या धुरानं हेमलतानं पदर नाकाला लावला. आता धुराला घाबरायचं, आता. पहिल्यांदा निदान झालं तेव्हा सगळ्यांनी एकच विचारलं होतं, विडी ओढता का, तंबाखू खाता का, आणि मग नजर जीवरामकडे. जीवराम आयुष्यभर एसटीत कंडक्टर, जेवणानंतर एक विडी एवढंच त्यांचं व्यसन. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी बंडल गटारात टाकलं आणि महिनाभर अपराध्यासारखे घरात फिरले. शेवटी हेमलताच म्हणाली, "तुमच्या एका विडीनं काय होतंय, मी अख्खी चूल ओढली." गोळी सुरू झाली तसा खोकला बसला, आणि चेहऱ्यावर पुटकुळ्या आल्या, नखांच्या कडा फुटल्या, तोंड सोललं. पण जिना चढता यायला लागला. बाजारात वांगी निवडता यायला लागली, भरताची, हिरवी, हातात घेतल्यावर हलकी लागणारी. डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं, ही गोळी सगळ्या शरीरावर धावून जात नाही, ती फक्त रोगाची खूण ओळखते आणि तिथंच बसते. हेमलताला ते रात्र रात्र आठवायचं. आपण कोण ते आपल्या बोटांनाही सांगता येत नाही, आणि रोगाला मात्र अशी ठळक खूण, की कुठल्या तरी देशातल्या कुणीतरी त्या एका खुणेसाठी औषध घडवत बसावं. रोगाची ओळख शाबूत, माणसाची पुसलेली. मग आपण कशानं ओळखू यायचं? तिच्या मनात हे आलं की तिला भीती वाटत नसे, राग येई. राग बरा. रागात श्वास लांब येतो.

आणि माणसं येत होती. आजार कळला तशी आली, बरं वाटतंय कळलं तशी आली, आता पुन्हा वाढलंय कळलं तशी आणखी येत होती. सगळ्यांचे शब्द मायेचे आणि सगळ्यांचा अर्थ एक. फैजपूरच्या विहीणबाई म्हणाल्या, "सगळं झालं ना हो तुमचं. लेक शिकली, उजवली, नातू मांडीवर घेतला. आता शेवटचं सुखानं, आपल्या माणसांत." हेमलता मान डोलवायची. झालं. सगळं झालं. मग जळगावच्या घरी रोज पहाटे पाचोऱ्याकडच्या गाडीची शिटी ऐकू आली की तिला इतकं बरं का वाटतं, हे कुणाला विचारायचं? कुणाचं लग्न व्हायचं बाकी नाही, कुणाचं घर बांधायचं बाकी नाही, तरी सकाळी पहिला चहा तोंडाला लागला की जीव पुन्हा नव्यानं चिकटतो. जगायला कारण लागतं असं सगळे धरून चाललेत. बाईला तर लागतंच. मुलासाठी, नातवासाठी, कुंकवासाठी. नुसतंच जगायचंय म्हणणं म्हणजे पंगत उठायच्या आधी वाढपिणीनं ताट मागणं. तिला ते शब्द ओठापर्यंत येऊन लाज वाटायची, आणि लाज वाटली म्हणून पुन्हा राग यायचा, आणि रागाच्या भरात ती म्हणायची, "काय करू, पोरगी ऐकत नाही."

जीवराम चहा शिकत होते. त्यांना बरोबर जाता येणार नव्हतं, एकच माणूस नेता येणार होतं. ते रोज सकाळी स्वतः चहा करून पाहत, आणि तो कधी उतू जाई, कधी नुसतं गोड पाणी होई. "जर्मनीत खापर नेतेस का बॅगेत?" एकदा म्हणाले. "नेते की. विमानात मांडे करते, तुम्ही तिकिटं फाडा." "विमानात टपावर बसू देतात का?" "तुम्हाला देतील. सवय आहे." ते हसले, मग चहाच्या भांड्याकडे बघत म्हणाले, "पोरीला सांग, अजूनही नको वाटत असेल तुला तर मी बोलतो तिच्याशी. बापाचं ऐकेल ती." हेमलताच्या जिभेवर नाशिकचं ते वाक्य आलं. तिनं ते गरम घासासारखं गिळलं. "राहू द्या," ती म्हणाली, "साखर कमी घाला."

श्रावणातल्या त्या शनिवारी तिघं धुळ्याला गेले. थोरल्या जेठांच्या, सुकाआबांच्या घरी दर वर्षी भाऊबंदांची कानबाई देवी बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला नथ घालून, डोळे लावून, साडी नेसवून चौरंगावर बसवायची, रात्रभर गाणी म्हणायची आणि सकाळी पांझरेवर निरोप द्यायचा. एसटीत हेमलता खिडकीशी बसली. पारोळ्याच्या पुढे कपाशी गुडघाभर आलेली, मधेच ज्वारीचा हिरवा पट्टा, ढग सातपुड्याकडे पळणारे. तिचा श्वास बसच्या हेलकाव्यांबरोबर तुटत होता. एक खोल घ्यावा तर मध्येच कुठेतरी भिंत लागायची, धुरानं काळवंडलेली भिंत, तिच्यापलीकडे जायचंच नाही. ती हट्टानं पुन्हा घ्यायची. फुक व पोरी. फुंकायचं तर आधी आत घ्यावं लागतं, हे गुंताबाईनं सांगितलं नव्हतं. गुंताबाई म्हातारपणी कशानं गेली? छातीनं, असंच म्हणायचे सगळे. छातीनं गेली. तिला कुणी विचारलं नसेल, बाई, जायचंय का राहायचंय? विचारलं असतं तर तिनं बोटं चाटून काय उत्तर दिलं असतं, हे हेमलताला पक्कं ठाऊक होतं.

सुकाआबांच्या ओसरीवर सतरंजी पसरलेली होती. मधोमध पितळी परात, बाजूला गव्हाचं पोतं. कानबाईच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घ्यायचा, तो दळून रोट करायचे आणि ते फक्त भाऊबंदांनीच खायचे, अशी चाल. देवी बाई, रांधणाऱ्या बाया, नावं मात्र बाप्यांची. थोरली जाऊ, लताबाई, तिला सगळे अक्का म्हणत. संधिवातानं अक्काची मूठ वळेनाशी झाली तेव्हापासून गहू मोजायचं काम हेमलताकडे आलं होतं. वर्षानुवर्षं या घराचं माप म्हणजे हेमलताची मूठ. तिच्या हाताएवढा प्रत्येकाचा वाटा.

"बस, हेमा. तूच घे औंदा बी," अक्का म्हणाली, आणि पुढच्या वर्षाचा विषय ओठांवर येऊन तिनं तो पदरात लपवला. सुकाआबा खुर्चीवर बसले होते, पांढरी टोपी गुडघ्यावर. जीवराम खांबाला टेकले. ज्योत्स्ना उंबऱ्यात, भिंतीशी. आबांनी परक्याकडे पाहावं तसं पुतणीकडे पाहिलं. मग म्हणाले, "ज्योत्स्ना, तू शिकेल शे. आम्हले काय कयस? पन मायना जीवले काब्र फिरावस? तठे कोन शे तिनं? आठे बठ्ठा मानसे शेतस." तू शिकलेली, आम्हाला काय कळतं, पण आईच्या जिवाला का फिरवतेस. इथं सगळी माणसं आहेत. ज्योत्स्नानं मान खाली घातली. "तठे काही बरं वाईट झायं ते," आबा पुढे म्हणाले, "मानूस पेटीमा येस, पोरी. पेटीमा. मायले असं लयशी का तू?" अक्का म्हणाली, "ऱ्हाऊ द्या हो. आज सनना दिवस." "मी काय खोटं बोलनू?" आबांचा आवाज फाटला. ते कठोर नव्हते. भावजयीनं त्यांच्या आजारपणात त्यांचं सगळं केलं होतं आणि तिला पेटीत बघायची कल्पना त्यांना सोसत नव्हती, एवढंच. "हट तुना शे. भोगाले माय."

हेमलतानं पोत्यात हात घातला. गहू गार होता. बोटांच्या टोकांना दाणे वेगळे वेगळे लागत नव्हते, नुसता एक गारवा लागत होता, पण तळहाताला सगळं कळत होतं. अक्का नावं घेऊ लागली. "सुका." एक मूठ, वर पाव. "जीवराम." एक मूठ, वर पाव. "ललित." "विक्रम." दाणे परातीत पडताना पावसाची सर वाजल्यासारखे वाजत. "बादल." बादल म्हणजे आबांचा नातू, ललितचा मुलगा, उन्हाळ्यात जन्मलेला, आतल्या खोलीत पाळण्यात झोपलेला, दात नसलेला, रोट म्हणजे काय हे ठाऊक नसलेला. त्याचीही सव्वा मूठ. हेमलतानं ती मायेनं घातली, जरा जास्तच भरून. पोराला जगायचं होतं, त्यासाठी त्याला कुणी कारण विचारत नव्हतं. "झाये," अक्का म्हणाली, आणि परात ओढायला हात पुढे केला.

हेमलताचा हात अजून पोत्यात होता. आत, गारव्यात, तिची मूठ वळली होती. तिनं ठरवलं नव्हतं. किंवा कधीचंच ठरवलं होतं, नाशिकच्या त्या खोलीत, की त्याच्याही आधी, चुलीआड पहिली पोळी फुंकणाऱ्या बाईकडे बघताना. तिनं उंबऱ्याकडे पाहिलं. ज्योत्स्ना फरशीकडे बघत होती, तशीच, बॅग नसतानाही दोन्ही हात छातीशी धरून, जणू पट्टा अजून खांद्यावर होता. आईचं ओझं. हेमलतानं श्वास घेतला, भिंतीपर्यंत, आणि भिंतीला जरा ढकललं. मूठ बाहेर काढली, परातीवर धरली आणि सोडली. मग आणखी चिमटीभर नाही, चांगला पाव भरून वर घातला. दाणे आधीच्या ढिगावर पडले आणि त्यांच्यात मिसळले. अक्काचा हात परातीच्या काठावर थांबला.

"ही कोनी व?"

जीवराम खांबापासून सरळ झाले. आबांनी टोपी उचलली. हेमलतानं गव्हाची भुकटी लागलेली, रेषा नसलेली बोटं पदराला पुसली नाहीत. तशीच मांडीवर उघडी ठेवली.

"मनी," ती म्हणाली. आवाज चिरका निघाला, तिनं खोकला येऊ दिला, जाऊ दिला, आणि मग आबांकडे सरळ पाहिलं. "आबा, पोरले बोलू नका. हट तिना नही. ती ते नको म्हने. डॉक्टरले मीच सांगं, माले धाडा. ती माले लई जास नही, मीच तिले लई जास." आणि मग जीवरामकडे वळून, हळू, चहात साखर किती ते सांगावं तशा आवाजात, "माले जगनं शे. कोनासाठे नही. माले जगनं शे."